कुपवाडचे सोळा, चाकणचे चोवीस

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. तासगावकडची पोरं असतात, भावकीतली, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीची. "ताई, इलेक्ट्रिकल झालंय. सांगलीत कितीपर्यंत देतील?" एवढं विचारून झालं की आवाज जरा खाली येतो, "का पुण्यालाच जाऊ?"

पगाराचा खरा आकडा आपल्याकडं कुणी सांगत नाही. लग्नाच्या बोलणीत सांगतात, तोही वाढवून. म्हणून एकदा लिहूनच ठेवते. सांगलीजवळच्या कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत नुकत्याच डिग्री झालेल्या पोराला मी पाहिलेला आकडा १५ ते १८ हजारांचा आहे. डिप्लोमावाल्याला १२ ते १४. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर त्याहून खाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला किमान ९ हजार आणि डिप्लोमावाल्याला किमान ८ हजार विद्यावेतन ठरवलं. त्यातला 'किमान' हा शब्द बऱ्याच मालकांना दिसतच नाही, ते तेवढेच देऊन मोकळे होतात.

माझंही सांगते. मिरजेला डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला जाऊन डिग्री. २०११ साली मिरज एमआयडीसीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या शॉपमध्ये साडेसहा हजारांवर लागले. आज एका कास्टिंग युनिटचं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते, हातात ६२ हजार येतात. माझ्या बॅचची एक मैत्रीण पुण्याजवळ चाकणला आहे. तिला लाखाच्या वर मिळतात आणि त्यातले बरेच मोशीतल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातात. आमच्या दोघींत जास्त शहाणी कोण, यावर दर दिवाळीला वाद होतो आणि फराळ संपेस्तोवर चालतो.

यंदा तर माझ्या बहिणीच्या पोरालाच दोन ऑफर आल्या. एक कुपवाडची १६ हजारांची, एक चाकणची २४ हजारांची. "मावशी, आठ हजार जास्त आहेत की!" मी म्हटलं, दोन्ही कागद घेऊन ये आणि बस इथं. कुपवाडचे १६ हा हातात यायच्या आधीचा पगार होता. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर जाऊन १४ हजारांच्या आसपास राहत होते. (बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. महिन्याला दोनशेच वाचतात, पण वाचतात.) चाकणचे २४ हे सीटीसी होते, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ धरलेला, ग्रॅच्युइटी धरलेली, वर्षाचा बोनस बारानं भागून महिन्यात घातलेला. मग पोराच्या वाट्याचा पीएफ पुन्हा वेगळा कापायचा. सगळं वजा करून हातात साडेअठरा. तिघांत एक खोली, मेस, महिन्यातून एकदा गावाकडं फेरी, रविवारचा खर्च. दहा शिल्लक राहिले तर नशीब. कुपवाडला तासगावहून गाडीवर जाऊन-येऊन, पेट्रोलचे अडीच हजार काढले तरी साडेअकरा राहतात, वर आईच्या हातची भाकरी.

बहीण खूश झाली. तिला तेच ऐकायचं होतं. पण हिशोब तिथं संपत नाही, आणि हे तिच्यासमोरच मी त्याला सांगितलं.

चाकणला पोरगं दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतं. या गेटमधून बाहेर, त्या गेटमधून आत, आणि पगार एकदम वर. कुपवाडात असं होत नाही, कारण इथं सगळे मालक एकमेकांना ओळखतात. मुलं एका शाळेत, बसणं एका क्लबात. तुम्ही दुसरीकडं इंटरव्ह्यू देऊन घरी पोचायच्या आत फोन झालेला असतो, "अहो, तुमचा गडी आलावता आमच्याकडं. सोडताय का?" मालक म्हणतो नाही, की संपलं. लेखी काही नसतं, पण पाळतात सगळे. दुसरं म्हणजे एकेका कारखान्यात इलेक्ट्रिकलची खुर्चीच एक, फार तर दोन. फाउंड्री घ्या, मशीन शॉप घ्या, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज घ्या, विट्याचा लूम घ्या. डिझाइनचं काम इथं कमी, आहे ते चालू ठेवायचं काम जास्त. आणि त्या एका खुर्चीवर बसलेला माणूस अठ्ठावन्न होईपर्यंत उठत नाही. जागा भरपूर आहेत असं वाटतं, कारण एमआयडीसीत बोर्ड भरपूर दिसतात. आत जाऊन खुर्च्या मोजल्या की समजतं.

मग इथं राहून पगार वाढतो कुणाचा? माझ्या मते ज्याच्या टेबलावर महावितरणचं बिल येतं त्याचा. हे जरा सविस्तर सांगते, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

एचटी कनेक्शनचं, म्हणजे कारखान्याच्या उच्च दाबाच्या जोडणीचं बिल महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं. त्याआधी केडब्ल्यूएचवर यायचं. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष कामाला आलेली वीज, केव्हीएएच म्हणजे लाइनीतून ओढलेली एकूण, आणि पहिलीला दुसरीनं भागलं की पॉवर फॅक्टर. तेव्हा पॉवर फॅक्टर चांगला ठेवला तर वेगळी सूट, ०.९० च्या खाली गेला तर दंड. आता ती वेगळी ओळ गेली आणि सगळं युनिटांतच मिसळलं. समजा कारखान्यानं महिन्यात १ लाख केडब्ल्यूएच वापरले. सरासरी पॉवर फॅक्टर ०.९२ राहिला तर बिल १,०८,६९६ युनिटांचं होतं. तोच ०.९९ ठेवला तर १,०१,०१०. फरक ७,६८६ युनिटांचा. युनिटला नुसते ८ रुपये धरले तरी ६१ हजार रुपये, आणि तेही दर महिन्याला. नव्या पोराचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार.

हे पैसे कुठं अडकलेले असतात? एपीएफसी पॅनेलमध्ये, म्हणजे कपॅसिटर आपोआप जोडून-सोडून पॉवर फॅक्टर सांभाळणाऱ्या पेटीत. दार उघडून आधी नुसतं बघायचं. एखाद्या कपॅसिटरचं डबडं वरून फुगलेलं असतं, एखाद्याच्या बुडाशी तेलाचा चिकट डाग, त्यावर धूळ बसून झालेली काळी वडी. वर रिलेवर मात्र आठही स्टेपचे, म्हणजे आठही कपॅसिटरांचे दिवे ऐटीत लागलेले. रिलेच्या मते सगळं लाइनवर आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, टाँग टेस्टर (चिमट्यासारखं करंट मोजायचं मीटर) घेऊन एकेका केबलला लावत जायचं. २५ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर ४४० व्होल्टला फेजला ३३ अँपिअरच्या आसपास घ्यायला पाहिजे. पहिल्याला ३२, दुसऱ्याला ३२, तिसऱ्याला १९. पाचव्याला शून्य, फ्यूज गेलेला. सातव्याचा काँटॅक्टर, म्हणजे तो जोडणारा स्विच, आवाज करतो, पण एक फेज लागतच नाही. म्हणजे पाटीवर २०० केव्हीएआर आणि खऱ्यात दीडशेही नाहीत. फाउंड्रीत तर इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) हार्मॉनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली भेसळ, सोडत असते, साधे कपॅसिटर तिथं टिकत नाहीत, त्यांना जपणाऱ्या कॉइल, म्हणजे ७ टक्क्यांचे रिअॅक्टर लावावे लागतात. बरं, कटकट नको म्हणून चार कपॅसिटर जास्तीचे टाकावेत, तर तेही चालत नाही. पॉवर फॅक्टर लीडिंगला, म्हणजे उलट्या बाजूला, गेला तरी मीटर ते धरतो.

हे काम सोळा हजारांचं पोरगंही करू शकतं. करतंही. फक्त त्यानं काय वाचवलं हे त्याला माहीत नसतं आणि मालकालाही नसतं, कारण पॅनेल मेंटेनन्सकडं आणि बिल अकाउंट्सकडं. मधे अख्खा कारखाना. माझा पगार वर्षाला हजार-दीड हजारानं सरकत होता, तो मी अकाउंट्समधून बिलाची झेरॉक्स मागायला लागल्यावर हलला. सुरुवातीला अकाउंटंट म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय मॅडम?" मग मी दर महिन्याला एका पानावर लिहून द्यायला लागले: पॉवर फॅक्टर किती, मॅक्झिमम डिमांड (महिन्यातला सर्वांत जास्त भार) कुठल्या दिवशी कितीला गेली, त्या वेळी कुठल्या दोन भट्ट्या एकदम चालू होत्या. मालकांनी एकदा ते पान समोर धरून विचारलं, "हे आधीच्या माणसानं का नाही सांगितलं?" आधीच्या माणसाला बिल कधी कुणी दाखवलंच नव्हतं. त्यानंतरच्या वाढीत मी पगार मागितला नाही, बचतीचा आकडा पुढं ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड जातं, पण तेव्हा जमलं.

पोरींसाठी थोडं वेगळं लिहायला पाहिजे. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले होते. तिथल्या साहेबांनी बायोडेटा उघडलाही नाही. "रात्री दोनला भट्टी ट्रिप झाली तर कोण येणार? मिस्टर सोडायला येणार का?" असं विचारून शेजारच्याकडं बघून हसले. तेव्हा त्यांच्याकडं कायद्याचाही आडोसा होता. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कामावर ठेवायला मनाई होती. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये सुरक्षा, ने-आण अशा अटी घालून ती शिथिल केली. कायदा शिथिल झाला, साहेब अजून व्हायचे आहेत. आता मला रात्री फोन येतो, कंपनीची गाडी दारात येते, मी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा गल्लीत चर्चा झाली होती. आता कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

घरच्यांच्या डोक्यात मात्र एकच, बोर्ड, म्हणजे वीज मंडळ. बोर्ड जाऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्याला जून २००५ पासून इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडं 'बोर्डात लागला' असंच म्हणतात. आणि पगाराच्या बाबतीत घरचे चुकत नाहीत. २०१८ च्या पगारवाढीनंतरच्या जाहिरातींत सहायक अभियंत्याची श्रेणी ४९,२१० पासून आणि कनिष्ठ अभियंत्याची ३७,३४० पासून सुरू व्हायची, महागाई भत्ता वगैरे वेगळा. २०२४ मध्ये मूळ पगारात आणखी १९ टक्के वाढ जाहीर झाली. कुपवाडच्या सोळाशेजारी हा आकडा ठेवला की कुठल्या बापाचे डोळे चमकणार नाहीत? पण जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही, परीक्षा अख्ख्या राज्याची, आणि नेमणूक घराजवळच मिळेल असं नाही. शिवाय शाखा अभियंत्याचं काम जवळून बघा एकदा. मे महिन्यात वळीव झाला की रात्रभर फोन, पोल आडवे, गावात अंधार, सरपंचाचा आवाज चढलेला. मार्चमध्ये थकबाकीची वसुली. माझा एक वर्गमित्र म्हणतो, आपण मशीन्स शिकलो आणि माणसं हाताळायला लागलो. तरी नोकरी सोडायचं नाव काढत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नोकरी करत करत परीक्षा द्या. अभ्यासिकेत तीन-चार वर्षं बसून राहिलेल्या पोराला नंतर एमआयडीसीत कुणी घेत नाही, 'हात गेलाय' म्हणतात.

डिग्रीचा फार ताठा असेल तर मोटारीची कॉइल पुन्हा भरून देणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसावं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. भिलवडी, अंकलखोप, सगळ्या नदीकाठच्या शेतीपंपाच्या मोटारी, शहरातल्या पेठांतल्या तळघरातल्या मोटारी, लिफ्टची पॅनेलं, सगळं गाळात. पाणी उतरल्यावर वाइंडिंगवाल्यांच्या दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, शिक्षण सातवी. ते आधी मोटर गोड्या पाण्यानं स्वच्छ धुवायचे. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला की काटा शून्यावर. मग ओव्हनमध्ये टाकायची, बाहेर काढून गार झाल्यावर पुन्हा मेगर. काटा हलायला लागला, दोन, पाच, वीस मेगओहम, की व्हार्निश देऊन मोटर वाचली. हललाच नाही तर कॉइल फोडायची आणि नवी भरायची. कुठली वाचेल आणि कुठली नाही, हे ते मेगर लावायच्या आधीच सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचे. काकांची महिन्याची कमाई आजही माझ्यापेक्षा जास्त आहे. ते मला मॅडम म्हणतात, माझा पगार ऐकून हसतात आणि चहा मागवतात.

बाकीचं पटकन सांगते. साखर कारखान्यात को-जन (उसाच्या चिपाडावर वीजनिर्मिती) असेल तर शिकायला भरपूर मिळतं. टर्बाइन, जनरेटर ग्रीडला सिंक्रोनाइझ करणं, म्हणजे जुळवून जोडणं, हे सगळं पोरगं वर्षभरात हाताळतं. फक्त नेमणूक कायम आहे का सीझनल, हे आधी विचारा. ढालगाव, वनकुसवडे, चाळकेवाडी इथं पवनचक्क्या आहेत. टॉवर चढायची तयारी आणि गुडघे असतील तर बघा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पंपगृहांत भल्या मोठ्या मोटारी आहेत, पण ठेकेदाराचा माणूस म्हणून लागणार असाल तर पीएफ भरतो का ते बघून मगच. सोलरमध्ये सध्या गर्दी आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळायला लागली आणि गल्लोगल्ली एजन्सी उघडल्या. तिथं 'इंजिनिअर' म्हणून घेतात आणि कोटेशनं वाटायला पाठवतात. नेट मीटरिंगची फाइल, अर्थिंग, डीसी केबलचं सायझिंग हे हातात देत असतील तरच जावं.

कोयनेचा प्रकल्प १,९६० मेगावॅटचा, म्हणून साताऱ्यात इलेक्ट्रिकलवाल्यांची चंगळ असेल असं बाहेरच्यांना वाटतं. जलविद्युतला औष्णिकच्या मानानं माणसं फार थोडी लागतात. साताऱ्याचं खरं नशीब शिरवळ. हायवेवर, पुण्याला चिकटून, मोठ्या कंपन्या, आणि पगारही पुण्याच्या वळणाचा. साताऱ्याचं पोरगं कंपनीच्या बसनं संध्याकाळी घरी येऊ शकतं. सांगलीच्या पोराला ती सोय नाही, त्याला एक तर इथं किंवा सव्वादोनशे किलोमीटरवर.

आणि पर्यवेक्षकाचा परवाना काढून ठेवा. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला स्वतःच्या परवान्यासाठी परवानाधारक पर्यवेक्षक लागतो, त्यामुळं ज्याच्याकडं तो आहे त्याला कोरड्या वर्षातही कुणीतरी विचारतं. तो भाड्यानं देणारेही आहेत, महिन्याला थोडे पैसे घ्यायचे आणि साइटचं तोंडही बघायचं नाही. कुठं शॉक लागून माणूस गेला की विद्युत निरीक्षक कागदावरचं नाव शोधत येतात, हे त्यांना तेव्हा कळतं.

भाच्यानं चाकण घेतलं. बहीण आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की पहिल्या दिवशी विचार, इथलं बिल कोण बघतं.

आमच्याकडं दिवाळीच्या आत एक जागा निघतेय. डिग्री किंवा अनुभवी डिप्लोमा, पगार हातात १७, सीटीसीचा खेळ नाही. शिफ्ट जनरल, पण रात्रीचा फोन आला तर यावं लागेल, गाडी आम्ही पाठवू. मुलगी असेल तरी गाडी तीच आणि फोनही तोच. इंटरव्ह्यू मीच घेणार आहे. ओहमचा नियम विचारणार नाही. गेल्या महिन्याचं एचटी बिल पुढं ठेवीन आणि विचारीन, यातले कुठले पैसे वाचले असते? कॅल्क्युलेटर आणलेला चालेल.